टीएलएस जोडणी आणि डिजिटल सर्टिफिकेट: नमुना स्क्रिप्ट वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणारे, कॉलेजात प्रोजेक्ट करणारे, छोट्या ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे अशा अनेकांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टीएलएस म्हणजे नेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत, आणि डिजिटल सर्टिफिकेट म्हणजे पलीकडचा सर्व्हर कोण हे सांगणारं, सहसा विश्वासाच्या संस्थेने सही केलेलं ओळखपत्र. उदाहरणं बहुतेक पायथन आणि ओपनएसएसएल (टीएलएसचं काम करणारी लायब्ररी आणि तिची कमांड) यांची आहेत, कारण रोजचं काम त्यांतच होतं. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्या आहेत: मायनस म्हणजे आडवी रेघ, आणि बाकी शब्द जसे उच्चारतो तसे.

नेटवरची नमुना स्क्रिप्ट लगेच चालते. मग ती तशीच वापरायला काय हरकत आहे?

लगेच चालली म्हणूनच आधी नीट वाचून बघा. नमुना लिहिणाऱ्याला एवढंच दाखवायचं असतं की जोडणी झाली. त्याच्याकडे खरं सर्टिफिकेट नसतं, म्हणून तो तपासणी बंद ठेवतो आणि शेजारी 'फक्त चाचणीसाठी' अशी कॉमेंट टाकतो. आपण कॉपी करतो तेव्हा ती ओळ येते, कॉमेंट कुणीतरी पुसतं, आणि दोन वर्षांनी तीच ओळ कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सापडते. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

टीएलएस दोन कामं करतं. मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येऊ नये हे एक, आणि पलीकडे नक्की कोण आहे याची खात्री हे दुसरं. तपासणी बंद केली की दुसरं काम थांबतं, आणि ते थांबलं की पहिल्यालाही अर्थ राहत नाही. लाखेचं सील लावून पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पण पोस्टमनने नाव न विचारता दारात उभ्या असलेल्या पहिल्या माणसाच्या हातात दिलं, अशी ती गत होते. त्या माणसाने पाकीट फोडलं, वाचलं, नवं सील लावून पुढे धाडलं, तरी तुम्हाला आणि घेणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून कोणताही नमुना घेतला की आधी त्यात हे शब्द शोधा. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीमध्ये 'व्हेरिफाय इक्वल टू फॉल्स'. पायथनच्याच एसएसएल मॉड्यूलमध्ये 'सर्ट नन' आणि 'चेक होस्टनेम इक्वल टू फॉल्स'. कर्लमध्ये 'मायनस के'. नोडमध्ये 'रिजेक्ट अनऑथोराइज्ड: फॉल्स'. जावामध्ये आतून रिकाम्या मेथड असलेला 'ट्रस्ट मॅनेजर'. यातलं काहीही दिसलं तर ती ओळ काढून स्क्रिप्ट चालवा. त्यानंतर जी एरर येईल, ती सोडवणं हेच तुमचं खरं काम आहे.

एसएसएल आणि टीएलएस वेगळे आहेत का? स्क्रिप्टमध्ये कोणतं नाव वापरायचं?

बोलताना सगळे एसएसएल म्हणतात, पण वापरात फक्त टीएलएस आहे. नेटस्केपने एसएसएल २.० १९९५ मध्ये आणि ३.० १९९६ मध्ये आणलं. १९९९ मध्ये टीएलएस १.० आलं, २००८ मध्ये १.२, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १.३. एसएसएल ३.० चा खेळ ऑक्टोबर २०१४ मध्ये 'पूडल' या हल्ल्याने संपवला. मार्च २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे बाद झाले. आज १.२ आणि १.३ एवढंच धरायचं.

घोळ नावांमुळे होतो. पायथनचं मॉड्यूल अजून 'एसएसएल' नावानेच ओळखलं जातं, लायब्ररी 'ओपनएसएसएल'च आहे, दुकानदार 'एसएसएल सर्टिफिकेट'च विकतात. त्याने काही बिघडत नाही. पण स्क्रिप्टमध्ये 'प्रोटोकॉल टीएलएस व्ही वन' किंवा 'प्रोटोकॉल एसएसएल व्ही ट्वेंटीथ्री' असं दिसलं, तर तो नमुना जुना आहे असं समजा आणि त्यातल्या बाकीच्या ओळीही त्याच नजरेने बघा.

पायथनमध्ये लहानात लहान पण बरोबर क्लायंट कसा लिहायचा?

पाच पायऱ्या आहेत. सॉकेट आणि एसएसएल ही दोन मॉड्यूल इम्पोर्ट करा. 'एसएसएल डॉट क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट' बोलावून कॉन्टेक्स्ट (जोडणीच्या नियमांचा संच) घ्या. 'सॉकेट डॉट क्रिएट कनेक्शन'ला होस्टचं नाव, पोर्ट ४४३ आणि टाइमआउट द्या. मग कॉन्टेक्स्टच्या 'रॅप सॉकेट'मध्ये ते सॉकेट घाला आणि 'सर्व्हर होस्टनेम'मध्ये तेच नाव पुन्हा लिहा. शेवटी 'व्हर्जन' आणि 'गेट पीअर सर्ट' छापून बघा.

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट घेतला की सर्टिफिकेटची साखळी (सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर मधल्याची सही, त्याच्यावर विश्वासाच्या मूळ सर्टिफिकेटची, म्हणजे 'रूट'ची) तपासली जाते, नाव जुळवलं जातं, जुने कमकुवत पर्याय बंद होतात. जुन्या नमुन्यांत कॉन्टेक्स्ट न बनवता थेट मॉड्यूलचं 'रॅप सॉकेट' बोलावलेलं असतं. ते काहीच तपासत नव्हतं. पायथन ३.७ मध्ये ते नापसंत ठरलं आणि ३.१२ मध्ये काढूनच टाकलं. '३.१२ घेतल्यावर स्क्रिप्ट बंद पडली' असे फोन मला येतात तेव्हा मी सांगतो की ती स्क्रिप्ट आजवर तपासणीशिवाय चालत होती, हे निदान आता कळलं.

'सर्व्हर होस्टनेम' दोन कारणांसाठी लागतं. एकाच आयपीवर अनेक साइट असतात, त्यातली कोणती हवी हे हँडशेकच्या (जोडणी ठरवायच्या पहिल्या देवाणघेवाणीच्या) सुरुवातीलाच सर्व्हरला कळावं लागतं. आणि आलेल्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळवायचं कशाशी, तेही यावरूनच ठरतं. म्हणून डोमेनच्या जागी आयपी लिहिला की बहुतेक वेळा नाव जुळत नाही अशी एरर येते, आणि ती यायलाच हवी.

टाइमआउट विसरू नका. मोबाइल डाटावर किंवा लांबच्या लिंकवर पलीकडचा सर्व्हर अर्धवट हँडशेकमध्ये अडकला, तर बिनटाइमआउटची स्क्रिप्ट सकाळपर्यंत तशीच बसून राहते.

'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' आलं. आता काय?

ही एरर म्हणजे निदान नाही, नुसतं लक्षण. संदेशाच्या शेवटी कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. ओपनएसएसएलमध्ये प्रत्येक कारणाला क्रमांकही आहे, आणि रोज भेटणारे मोजकेच आहेत.

क्रमांक १० म्हणजे मुदत संपली. ९ म्हणजे मुदत अजून सुरूच झालेली नाही. १८ म्हणजे सर्टिफिकेट स्वतःच स्वतःच्या सहीचं आहे. १९ म्हणजे साखळीच्या टोकाला असं रूट आहे, ज्यावर तुमच्या मशीनचा विश्वास नाही. २० आणि २१ म्हणजे साखळी पुरी झाली नाही. ६२ म्हणजे नाव जुळलं नाही.

सर्वांत जास्त गोंधळ २० आणि २१ मुळे होतो, कारण 'ब्राउझरमध्ये साइट छान उघडते, मग स्क्रिप्टलाच काय झालं?' असं माणसाला वाटतं. झालेलं असं असतं: सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट पाठवलं, पण मधलं इंटरमीजिएट पाठवलंच नाही. ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे आधीपासून असतं. पायथन आणि कर्ल सहसा शोधत बसत नाहीत. दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे, तिथेच दुरुस्त करा. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'सर्ट डॉट पेम' लावलेलं असेल तर त्याऐवजी 'फुलचेन डॉट पेम' लावायचं. बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरी बाजू आपल्या मशीनची. रूटची यादी जुनी असेल तर पलीकडचं सगळं ठीक असूनही अडतं. ३० सप्टेंबर २०२१ ला फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेच्या साखळीतलं 'डीएसटी रूट सीए एक्स-थ्री' हे जुनं रूट संपलं, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ वापरणाऱ्या असंख्य मशीन एका दिवसात बंद पडल्या. नवं रूट यादीत असूनही ती जुनी आवृत्ती संपलेल्या वाटेनेच जात होती. त्या दिवशी अनेकांनी तपासणी बंद करून वेळ मारून नेली. त्यातल्या किती ठिकाणी तपासणी पुन्हा चालू झाली असेल, याची मला आजही काळजी वाटते.

क्रमांक ९ ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रावर हाताच्या पंजाएवढा संगणक बसवला होता. वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र त्याला जोडलेलं, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे लिटर आणि फॅट तो सर्व्हरकडे पाठवायचा. वादळात गावची डीपी जळाली आणि नऊ दिवस वीज नव्हती. दहाव्या दिवशी लाइट आली, मशीन सुरू झालं, पण एकही नोंद जाईना. केंद्रावरच्या पोराने स्क्रीनचा फोटो पाठवला: 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड'. अशा छोट्या बोर्डांवर बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना जपून ठेवलेल्या वेळेपासूनच ते पुढे मोजायला लागतं. म्हणजे त्या मशीनच्या दृष्टीने अजून नऊ दिवसांपूर्वीची संध्याकाळ होती, आणि मधल्या काळात सर्व्हरचं सर्टिफिकेट नवं झालं होतं. इंटरनेटवरून वेळ जुळायच्या आधीच स्क्रिप्ट सुरू होत होती, अडत होती आणि बंद पडत होती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने त्याच संध्याकाळी 'व्हेरिफाय फॉल्स' घातलेली फाइल पाठवली. दूध नासत नाही तोवर नोंदी गेल्या पाहिजेत, ही त्याची घाई मला समजते. पण घड्याळ तासाभरात आपोआप जुळलं आणि ती ओळ मात्र चौदा महिने तशीच राहिली. त्या चौदा महिन्यांत केंद्राचा पासवर्ड रोज दोन वेळा अशा जोडणीवरून जात होता, जिला पलीकडे कोण आहे हे ठाऊक नव्हतं. उपाय साधा होता: वेळ जुळल्याशिवाय स्क्रिप्ट सुरूच करायची नाही. लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये 'टाइम-सिंक टार्गेट'नंतर सुरू हो असं सांगता येतं, सोबत 'टाइम-वेट-सिंक' ही सेवा चालू ठेवायची. आता त्या केंद्रावर तसंच आहे.

ओपनएसएसएलच्या 'एस-क्लायंट'ने तपासलं, सगळं ठीक दिसलं. तरी स्क्रिप्ट का अडते?

'एस-क्लायंट' हे निदानाचं अवजार आहे, पहारेकरी नाही. सर्टिफिकेट चुकीचं असलं तरी ते एक ओळ छापतं आणि जोडणी करून मोकळं होतं. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' काय आहे ते बघा, शून्य नसेल तर काहीतरी चुकलं आहे. आणि शून्य असला तरी नाव तपासलेलं नसतं. त्यासाठी 'मायनस व्हेरिफाय अंडरस्कोर होस्टनेम' आणि पुढे डोमेन असं वेगळं सांगावं लागतं. एररवर थांबायला हवं असेल तर 'मायनस व्हेरिफाय अंडरस्कोर रिटर्न अंडरस्कोर एरर' जोडा. स्क्रिप्टमधून चालवताना इनपुटला 'डेव्ह नल' द्या, नाहीतर ते तुमच्या टायपिंगची वाट बघत बसतं.

सर्टिफिकेट संपायच्या आधी कळवणारी स्क्रिप्ट हवी आहे.

आता ती प्रत्येकाकडे असायलाच हवी. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवायचं, ते त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केले. शिवाय मुदतीच आखडत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२० पासून कमाल ३९८ दिवस होते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या 'सीए ब्राउझर फोरम'ने एप्रिल २०२५ मध्ये पुढचं वेळापत्रक मंजूर केलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. वर्षातून एकदा हाताने सर्टिफिकेट बदलायचा काळ संपला.

शेलमध्ये सोपी वाट आहे. 'एस-क्लायंट'चं आउटपुट 'एक्स-फाइव्ह-ओ-नाइन' कमांडकडे पाइप करा आणि तिला 'मायनस चेकएंड' देऊन पुढे सेकंद लिहा. १४ दिवसांसाठी १२,०९,६०० सेकंद. तेवढ्या काळात मुदत संपणार असेल तर एक्झिट कोड १ येतो, नसेल तर ०. त्यावरून मेसेज पाठवायचा.

पायथनमध्ये एक खाच आहे आणि बरेच नमुने तिथेच पडतात. 'गेट पीअर सर्ट'मधून 'नॉट आफ्टर' वाचून दिवस मोजायचे, इथपर्यंत बरोबर. पण सर्टिफिकेट आधीच संपलेलं असेल तर हँडशेकच फसतो, तारीख वाचायची ओळ येतच नाही. लेखकाने एक्सेप्शन गिळून टाकलेलं असेल तर तुमची सूचना देणारी स्क्रिप्ट नेमकी गरजेच्या दिवशी गप्प बसते. मग लोक काय करतात, तपासणी बंद करतात. तेव्हा 'गेट पीअर सर्ट' रिकामी डिक्शनरी देतं, आणि गाडं तिथेच अडतं. योग्य पद्धत अशी की 'एसएसएल सर्ट व्हेरिफिकेशन एरर' वेगळं पकडायचं आणि तो सर्वांत तातडीचा इशारा मानायचा. तारीख मोजताना 'सर्ट टाइम टू सेकंड्स' हे तयार फंक्शन वापरा. ती वेळ जीएमटी असते, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हाताने वजाबाकी करणारे इथे चुकतात.

इशारा किती दिवस आधी हवा? ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले की आपोआप नवं होतं. म्हणून २० दिवसांवर इशारा आला तर काहीतरी अडलं आहे हे नक्की. ४७ दिवसांच्या काळात ३० दिवसांचा इशारा ठेवलात तर तो सतत वाजत राहील आणि आठवड्याभरात कुणी त्याच्याकडे बघणार नाही. मुदतीच्या पाव हिश्श्याच्या आसपास ठेवा.

आणखी एक: डिस्कवरची फाइल तपासू नका, सर्व्हर प्रत्यक्ष देतो ते तपासा. सर्टबॉट या आपोआप सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रॅमने नवी फाइल आणून ठेवली, पण एन्जिनएक्स रीलोड झालंच नाही, त्यामुळे जुनंच सर्टिफिकेट लोकांना जात राहिलं, हे फार वेळा घडतं. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मध्ये रीलोडची कमांड घातली की ते टळतं.

ऑफिसच्या आतल्या सर्व्हरला सेल्फ-साइन्ड चालेल का?

चालेल, पण मग ते सर्टिफिकेट क्लायंटला ओळखीचं करून द्या. 'क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट'ला 'सीए फाइल' म्हणून त्याचा पत्ता दिला की तपासणी पूर्ण चालू राहते. 'सेल्फ-साइन्ड आहे म्हणून तपासणी बंद केली' हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

बनवताना नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्ये हवं. जुने नमुने फक्त 'कॉमन नेम' भरतात आणि क्रोमने २०१७ पासूनच ते बघणं सोडलं आहे. ओपनएसएसएल १.१.१ पासून 'मायनस अ‍ॅड-एक्स्ट' देऊन एका ओळीत हे जमतं, वेगळी कॉन्फिग फाइल लागत नाही. आतला सर्व्हर आयपीने उघडत असाल तर आयपी 'डीएनएस' म्हणून नव्हे, 'आयपी' म्हणूनच लिहा.

तीन-चारपेक्षा जास्त सर्व्हर असतील तर स्वतःचं छोटं सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी) करा. एक रूट सगळ्या मशीनवर बसवायचं आणि त्याने बाकीच्यांवर सह्या करायच्या. स्वतःच्या लॅपटॉपवर चाचणीसाठी 'एमकेसर्ट' हे काम एक-दोन कमांडमध्ये करून देतं. पायथन ३.१३ पासून मात्र डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट जास्त कडक झाला आहे. घरी बनवलेल्या जुन्या सीएच्या सर्टिफिकेटमध्ये 'ऑथॉरिटी की आयडेंटिफायर' नसेल तर तो नाकारतो. अपग्रेडनंतर अचानक ही एरर आली तर कडकपणा कमी करू नका, सर्टिफिकेट नव्याने बनवा.

नमुन्यासोबत आलेली की आणि सर्टिफिकेट वापरली तर?

कधीच नाही. ती प्रायव्हेट की, म्हणजे फक्त सर्व्हरकडेच असायला हवी अशी गुप्त किल्ली, जगात प्रत्येकाकडे आहे. लायब्ररींच्या चाचणी फोल्डरमधल्या फाइल उचलून खऱ्या सर्व्हरवर लावलेल्या मी पाहिल्या आहेत. डेबियन आणि उबुंटूवर 'स्नेकऑइल' नावाचं सर्टिफिकेट असतं. त्याची की प्रत्येक मशीनवर वेगळी बनते, त्यामुळे ते निदान त्या अर्थाने सुरक्षित आहे. पण त्याला कुणी ओळखत नाही, ते तात्पुरतंच.

प्रायव्हेट की चुकून गिटवर गेली. कमिट डिलीट केलं, पुरे ना?

पुरे नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीत गेलेली की गेलीच असं धरा. नवी की बनवा, तिच्यावर नवं सर्टिफिकेट घ्या, जुनं रद्द करायला सांगा. याच क्रमाने करा, म्हणजे साइट बंद पडणार नाही. पुढच्या वेळेसाठी कीची फाइल रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, परवानगी ६०० करा, आणि स्क्रिप्टला फक्त फाइलचा पत्ता द्या.

की आणि सर्टिफिकेट जुळत नाहीत असं एन्जिनएक्स म्हणतं.

दोन्हींतून पब्लिक की काढून बघा. सर्टिफिकेटसाठी 'एक्स-फाइव्ह-ओ-नाइन मायनस पबकी मायनस नोआउट', कीसाठी 'पीकी मायनस पबआउट'. दोन्ही आउटपुट हुबेहूब सारखं हवं. नसेल तर सीएसआर (सर्टिफिकेट मागण्याचा अर्ज) एका कीने बनवला आणि लावताना दुसरीच उचलली, असं झालं आहे. फाइलला तारीख आणि डोमेनचं नाव देण्याची सवय लावून घ्या, 'न्यू फायनल टू डॉट की' अशी नावं नकोत.

आमच्याकडे टेंडरसाठी घेतलेलं डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) टोकन आहे. ते वेबसाइटला लावता येईल का?

चार्टर्ड अकाउंटंटांच्या आणि ठेकेदारांच्या ऑफिसातून हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. दोन्हींना 'डिजिटल सर्टिफिकेट'च म्हणतात. पण नाही, लावता येत नाही.

डीएससी माणसाची ओळख सांगतं. ई-टेंडर भरताना, कंपनीची विवरणपत्रं देताना तुमची सही म्हणून ते चालतं. त्यात तुमचं नाव असतं, डोमेनचं नाव नसतं. त्याची की यूएसबी टोकनच्या आत असते आणि बाहेर काढता येत नाही, हेच त्याचं बळ. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली 'कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज' हे कार्यालय आहे, आणि त्याने परवाना दिलेल्या संस्थाच डीएससी देतात. क्लास २ चं देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं, आता क्लास ३. वेबसाइटचं सर्टिफिकेट मात्र ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टमच्या विश्वासाच्या यादीतल्या संस्थेकडूनच यावं लागतं. ती यादी वेगळी.

ही यादी किती नाजूक असते याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या सर्टिफाइंग अथॉरिटीकडून गूगलच्याच काही डोमेनसाठी परवानगी नसलेली सर्टिफिकेटं निघाली होती. भारताचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरचे ब्राउझर त्यांवर विश्वास ठेवू शकत होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र आणि तिच्यात हे रूट नव्हतं, म्हणून तो वाचला. ती सर्टिफिकेटं रद्द झाली, आणि क्रोमने त्या रूटला मोजक्या भारतीय डोमेनपुरतं बांधून टाकलं. त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्सची 'डिजिनोटार' ही संस्था घुसखोरीनंतर अशाच कारणाने दिवाळखोरीत गेली होती. म्हणजे तपासणी चालू ठेवूनही कधीतरी वरचाच चुकतो. पण चूक तेव्हाच पकडली जाते, जेव्हा कुणीतरी तपासत असतं.

देवनागरी डोमेन नावाला सर्टिफिकेट मिळतं का?

मिळतं. 'डॉट भारत' देवनागरीत ऑगस्ट २०१४ पासून सुरू आहे, आणि लेट्स एन्क्रिप्ट २०१६ पासून अशा नावांना सर्टिफिकेट देतं. मात्र सर्टिफिकेटमध्ये देवनागरी अक्षरं जात नाहीत. आतमध्ये त्याचं रोमन रूप जातं, जे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. सीएसआर बनवताना आणि स्क्रिप्टमध्ये नाव जुळवताना तेच रूप वापरा.

इथे मराठीपुरती एक खास अडचण आहे, आणि ती इतर कुठे सहसा वाचायला मिळत नाही. पायथनमध्ये अंगभूत असलेलं 'आयडीएनए' रूपांतर २००३ च्या नियमांवर चालतं, आणि ते अदृश्य जोडचिन्ह गुपचूप काढून टाकतं. आपला अर्धा र, म्हणजे 'दऱ्या'मधला, दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह वापरतात. चिन्ह गळलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, डोंगरातून थेट समुद्रात. डोमेन वेगळं, सर्टिफिकेट वेगळं, आणि स्क्रीनवर बघून चूक कळतच नाही. 'आयडीएनए' नावाचं वेगळं पॅकेज २००८ चे नियम पाळतं, ते बसवा आणि नावात नुक्त्याचा ऱ वापरा.

पलीकडच्या संस्थेने आमच्याकडूनही सर्टिफिकेट मागितलं आहे. स्क्रिप्टमध्ये काय बदलायचं?

याला म्युच्युअल टीएलएस म्हणतात. क्लायंटच्या कॉन्टेक्स्टवर 'लोड सर्ट चेन' बोलावून तुमचं सर्टिफिकेट आणि की द्या, बाकी सगळं तसंच. सर्व्हर तुम्ही लिहीत असाल तर 'सर्ट रिक्वायर्ड' लावायचं आणि कोणत्या सीएवर विश्वास ठेवायचा ते सांगायचं. पायथनमधलं 'पर्पज' नाव उलटं वाटतं: क्लायंट लिहिताना 'सर्व्हर ऑथ' येतं, कारण तिथे आपण सर्व्हरला तपासतो.

टीएलएस १.३ मध्ये एक गोष्ट चकवते. सर्व्हरने तुमचं सर्टिफिकेट नाकारलं तरी तुमच्या बाजूला हँडशेक यशस्वी दिसतो, आणि एरर पहिल्यांदा काही वाचायला जाल तेव्हा येते. म्हणून 'जोडणी झाली' एवढं छापून चाचणी संपवू नका, एक उत्तर वाचून बघा. आणि वेबसाइटसाठी मिळणारी सार्वजनिक सर्टिफिकेटं या कामाला धरू नका, क्लायंटच्या ओळखीसाठीचा वापर त्यांतून काढला जात आहे. दोन्ही बाजूंनी मिळून खाजगी सीए ठरवणं चांगलं.

कॉलेजच्या नेटवर्कवर पिप आणि रिक्वेस्ट्स दोन्ही एरर देतात, घरी चालतात.

तिथलं फायरवॉल टीएलएस उघडून तपासतं आणि स्वतःच्या रूटची सही लावून पुढे देतं. ब्राउझरमध्ये ते रूट लॅबवाल्यांनी आधीच बसवलेलं असतं. रिक्वेस्ट्स मात्र ऑपरेटिंग सिस्टमची यादी न बघता 'सर्टिफाय' पॅकेजची स्वतःची यादी बघतं. लॅबच्या प्रशासकाकडून ती रूट फाइल मागून घ्या, तिच्यात नेहमीची यादी जोडा आणि 'रिक्वेस्ट्स सीए बंडल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. आणि त्या नेटवर्कवर बँकेचं काम करू नका.

एसएसएचच्या स्क्रिप्टलाही हेच लागू होतं का?

तंतोतंत. तिथे सर्टिफिकेटऐवजी होस्ट की असते. पॅरामिको या पायथनच्या एसएसएच लायब्ररीच्या बहुतेक नमुन्यांत 'ऑटो अ‍ॅड पॉलिसी' असते, म्हणजे समोर येईल ती अनोळखी की स्वीकारायची. 'रिजेक्ट पॉलिसी' ठेवा आणि होस्ट की आधीच 'नोन होस्ट्स'मध्ये नोंदवून द्या. की बदलल्याचा मोठा इशारा आला तर ओळ पुसण्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून विचारा की मशीन नव्याने बसवलं का.

माझी स्क्रिप्ट खरंच तपासते आहे, हे कसं कळणार?

मुद्दाम चुकीच्या सर्टिफिकेटकडे पाठवून. 'बॅडएसएसएल डॉट कॉम' ही साइट याच कामासाठी आहे. तिच्यावर 'एक्स्पायर्ड', 'राँग डॉट होस्ट', 'सेल्फ-साइन्ड' आणि 'अनट्रस्टेड-रूट' असे वेगवेगळे उपपत्ते आहेत. चारही पत्त्यांवर स्क्रिप्ट चालवा. चारही वेळा ती एरर देऊन थांबायला हवी आणि एक्झिट कोड शून्य येता कामा नये. एकाही ठिकाणी ती निवांत पुढे गेली तर पहिल्या प्रश्नातले शब्द पुन्हा शोधा, तुमच्या फाइलमध्ये नसतील तर ती बोलावत असलेल्या लायब्ररीत शोधा. मग तुमच्या खऱ्या सर्व्हरवर चालवा. तिथे ती अडली नाही, तर चढवायला हरकत नाही.